लिव्हरवाली बाय

ये गं, इकडे जवळ ये. पाहुण्यासारखी दाराशी काय बसलीस? पंख्याखाली बस, आणि तो फोन आधी पालथा ठेव. वर्षातून एकदा येतेस आणि आल्या आल्या विचारतेस काय, तर "मावशी, काका ऑपरेशननंतर बरे आहेत ना?" अगं, बरे नसते तर मागच्या अंगणात बोंबलाच्या काठ्या बांधत बसले असते का? ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण ह्यांना त्या टेबलापर्यंत नेलं कुणी, हे तू एकदाही विचारलं नाहीस. ती गोष्ट फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखी नाही. आता आलीच आहेस तर सोलकढी पी आणि गपचूप ऐक.

तिचं नाव मी घेणार नाही. आमच्या आळीतही कुणी घेत नव्हतं. सगळे तिला "लिव्हरवाली बाय" म्हणायचे, आणि तिच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं की एकदा कुरियरवाला तिच्या खऱ्या नावाने विचारत आला, तर ही स्वतःच खिडकीतून म्हणाली, "इथं नाही हो, पुढे विचारा."

खोली बघायला आली तो दिवस मला चांगला आठवतो. स्कूटर दारात, हेल्मेट अजून डोक्यावर. "काकू, वरची खोली द्यायची आहे ना? जरा उजेडात या." मला वाटलं, जिना बघायचा असेल. तर तिने माझी हनुवटी धरली, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढली, नीट बघितलं आणि "छान" म्हणाली. मग म्हणाली, "आता खोली दाखवा."

तशीच होती ती. माणसाचा चेहरा तिच्या लक्षात राहायचा नाही, नाव तर मुळीच नाही. डोळ्यांतलं पांढरं मात्र पक्कं लक्षात. "काकू, तो रिक्षावाला येऊन गेला, अलिबागला नेतो तो, स्वच्छ डोळ्यांचा." म्हणजे कोण, ते मी ओळखायचं. यकृत बिघडलं की आधी डोळे पिवळे होतात, म्हणून ही सवय. डॉक्टर होती म्हणतेस? छे! कुणी डॉक्टर म्हटलं की हात झटकायची. "मला माणसांतलं काही कळत नाही. यकृतातलं थोडं कळतं, तेही ताटलीतल्या."

आता तिचं काम ऐक. अलिबागच्या पलीकडे, पेणच्या रस्त्याला एक प्रयोगशाळा आहे, तिथे ती माणसाचं यकृत बनवायची. अख्खं नव्हे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यातून, नाहीतर कुणी दान केलेल्या पण दुसऱ्याला बसवता न आलेल्या यकृतातून जिवंत पेशी यायच्या. त्या प्लास्टिकच्या ताटलीतल्या बारक्या बारक्या वाट्यांत ठेवल्या की आपोआप एकमेकींना बिलगतात आणि त्यांचा गोळा होतो. गोळा कसला, मोहरीहून लहान ठिपका. पण तो यकृताची कामं करतो गं! औषध घातलं की पचवतो, विष घातलं की मरतो. नवीन औषध निघालं की माणसाला द्यायच्या आधी ह्या गोळ्यांना द्यायचं. गोळे मेले तर त्या औषधाचा पुन्हा विचार करायचा. "आधी ह्यांनी प्यायचं, मग आपण," ती म्हणायची.

हे सगळं मला पहिल्याच दिवशी कळलं असं समजू नकोस. पहिल्या दिवशी मी हिला घरात घ्यावं की नाही ह्याच विचारात होते. माणसाचं काळीज डब्यात ठेवणारी बाई, आणि खाली आमचा देव्हारा. पण हे म्हणाले, "तिचा डबा तिच्या हाफिसात, आपली मासळी आपल्या अंगनात. तिला वास चालतोय क नाय तेवढं इचार." तिला वास चालत होता. नुसता चालत नव्हता, सुकत घातलेल्या बोंबलांपाशी उभी राहून ती मुद्दाम नाक पुढे काढायची. म्हणायची, काल असा येत नव्हता, आज कुठून आला?

गोळ्यांचं खाणं म्हणजे गुलाबी पाणी. ते एक दिवसाआड बदलावं लागतं. मग रविवार असो की गौरी-गणपती. शेजारी हळद होती, तेव्हाची गंमत सांगते. बाय साडीबिडी नेसून आली, गालाला हळद लावून घेतली, बेंजोवर दोन पावलं नाचलीसुद्धा. आणि पंगत बसायच्या वेळी उठली. "काकू, मी निघते. माझी सगळी उपाशी आहेत." तिथं नवऱ्यामुलाची आत्या बसली होती, तोंडाने फटकळ. तिने हिचा हातच धरला.

"काय गो, लेकरां उपाशी ठेवून हळदीला नाचतेस? किती हायत?"

बायने जरा विचार केला आणि खरं ते सांगितलं. "नक्की मोजली नाहीत. पण काही हजार असतील."

आत्याबाई हात धरलेल्या तशाच बसल्या. अजून बाजारात भेटल्या की मला विचारतात, त्या बाईचं डोकं आता बरं हाय का.

आणि तुला वाटेल, असलं काम करणारी बाई कलेजी खात नसेल. रविवारी मटणाबरोबर कलेजी आली की ही जिन्यावरून धावत खाली. आधी एक कच्चा तुकडा ताटलीत घ्यायची, सुरीने उघडायची आणि मला बोलवायची, "काकू, हे बघा, इकडून रक्त येतं, इकडून पित्त जातं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत." मी म्हणायची, "बाय, माझा मसाला जळतोय." मग तोच तुकडा कढईत, आणि नंतर बोटं चाटत ताट साफ. "काम वेगळं, भूक वेगळी," वर हे ऐकवायची.

तिचं एक वाक्य होतं. एवढी शिकलेली, परदेशात राहून आलेली, पण दिवसातून कितीदा तरी म्हणायची, "थांबा, कळलं नाही." मी म्हटलं कोकमाने पित्त उतरतं, की "थांबा, कळलं नाही. उतरतं म्हणजे कुठून कुठे?" मी म्हटलं सुका बोंबील पाण्यात टाकला की फुगतो, की "थांबा, कळलं नाही. मग ओला असताना होता तेवढाच का नाही होत?" अगं, जन्म गेला माझा बोंबील वाळवण्यात, मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. आणि तिने विचारल्यापासून पाण्यात बोंबील टाकला की मी तिथंच उभी राहायला लागले बघत. हे म्हणायचे, "तिचं खूळ तुला लागलं."

आमच्याकडे काविळीला माळ घालतात ते तुला माहीत आहे. औषधी काडीचे बारके तुकडे दोऱ्यात गाठवतात आणि ती माळ डोक्यावर ठेवतात. कावीळ उतरते तशी माळ लांबत जाते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून पोटापर्यंत. चौलच्या बाजूला एक भाऊ आहेत, ते ही माळ देतात आणि सोबत काढाही देतात. बायने हे ऐकलं मात्र, भाऊंकडून एक माळ मागून आणली आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या असोल्या नारळाला घातली. सुट्टीच्या दिवशी खुर्ची टाकून त्या नारळासमोर बसली. काड्या सुकल्या, गाठी सैल पडल्या, माळ घसरत घसरत नारळाच्या बुडाशी आली. मग नारळ, माळ आणि मी, तिघांना स्कूटरवर घालून ही भाऊंच्या ओट्यावर.

"भाऊ, नारळाला कावीळ झाली होती का?"

मला तर जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. भाऊंनी नारळ हातात घेतला, उलटसुलट फिरवला, कानाशी नेऊन हलवून बघितला आणि म्हणाले, "आता बरा झाला ना?"

ती इतकी हसली की ओट्यावरच बसली. भाऊपण हसले. त्या दिवसापासून दोघांचं चांगलं जमलं. हे भाऊ लक्षात ठेव, ते पुढे यायचे आहेत.

आता ह्यांच्याकडे येते. हे तांडेल. होडीवर तांडेलाच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नसतो, आणि तसा माणूस घरात कसा असतो ते तू बघितलं आहेस. हरणं ठाऊक नाही. नातवंडांशी पत्ते खेळताना मांडीखाली पानं लपवतात. बाय आल्यापासून संध्याकाळी दोघांचा कॅरम सुरू झाला. तिला खेळता यायचं नाही, आणि पाहुणी म्हणून एखादा डाव सोडावा, तर ते ह्यांना यायचं नाही. पण तिला हरल्याचं काही वाटायचंच नाही. ह्यांची सोंगटी भोकात गेली की ती वाकून बघायची, "थांबा, कळलं नाही. इकडून लागली तर तिकडे कशी गेली?" हे आत येऊन माझ्यापाशी कुरकुरायचे, "राग येत न्हाय गं तिला हरल्याचा. मंग जिंकून काय उपेग?"

अशात ह्यांच्या पोटात उजवीकडे दुखायला लागलं. अलिबागला सोनोग्राफी झाली, मग मुंबईला मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या. यकृतात गाठ. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडली आहे, यकृताचा उजवीकडचा मोठा तुकडा काढू, तर निभावेल. नाही काढली तर आम्ही काही सांगू शकत नाही. परतीला आम्ही मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून लाँच पकडली. रेवसला उतरलो आणि धक्क्यावर उभ्या उभ्या म्हणाले, "मी कापून घेनार न्हाय."

का, ते सांगेनात. मी रडले, भांडले, एक दिवस चूल पेटवली नाही. तेव्हा कुठे बोलले. "पोट उघडून आलेला मानूस कवा होडीवर बघितलायस? बंदरावर बसतो आनि दुसऱ्याची जाळी शिवतो. मला तसा बसवू नको."

मुलगा रजा काढून आला, समजावून थकला आणि परत गेला. मग मी बायला धरलं. "तू सांग गं त्यांना. तुझं ऐकतील." तर ही काय म्हणाली असेल? "काकू, मी डॉक्टर नाही. माझ्या सांगण्यावरून त्यांनी पोट उघडू नये." असा राग आला मला तिचा! दिवसभर यकृत यकृत करते, आणि घरातल्या एका यकृतावर वेळ आली तर अंग काढून घेते. मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही, ते सोड.

आणि तेवढ्यात ह्यांनी काय केलं, तर गुपचूप भाऊंना गाठलं. गाठ विरघळायची मुळी द्या म्हणून. सकाळी मागच्या पडवीत पेला घेऊन बसायचे. मला वाटायचं, कोकमाचं पाणी पिताहेत. पकडलं बायने. पेल्याच्या तळाशी हिरवट गाळ राहिला होता, तो तिने बोटावर घेतला, वास घेतला.

"काका, हे पोटात गेल्यावर पुढे काय होतं?"

"गाठ इरघळते."

"कुणी बघितलंय?"

"भाऊ देतात म्हंजे बघितलं आसंल."

"थांबा, कळलं नाही," ती म्हणाली. उरलेला काढा बाटलीत भरला आणि घेऊन कामाला गेली.

बरेच दिवस त्यावर काही बोलली नाही. मग एका संध्याकाळी तिने कॅरम मांडू दिला नाही. ओट्यावर ह्यांच्यासमोर येऊन बसली. मी दारात तांदूळ निवडत होते.

"काका, तुमचा काढा मी माझ्या गोळ्यांना पाजला. साहेबांना विचारून, जे टाकूनच द्यायचे होते त्यांना. आधी पातळ, मग घट्ट."

"मंग?"

"पातळाने काही झालं नाही. घट्ट काढ्याने बरेच मेले."

ह्यांनी हातातला कॅरमचा स्ट्रायकर खाली ठेवला.

"ताटलीत मेले म्हणजे तुमच्या पोटातही तसंच होईल, असं मी म्हणत नाही. तेवढ्यावरून ते म्हणता येत नाही. पण मी प्याले नसते."

मला वाटलं, आता भडका उडणार. हे विचारतात काय, तर "मेले म्हंजे? माझ्यापायी मेले?"

"त्याचसाठी असतात ते, काका."

"कुनाचे व्हते?"

"ते आम्हाला कळत नाही. नाव येत नाही, नुसता नंबर येतो."

"म्हंजे कुना मानसाचा तुकडा माझा काढा पिऊन मेला, आनि त्याचं नावपन मला ठाऊक न्हाय."

हे उठले, पडवीतलं काढ्याचं मडकं उचललं आणि माडाच्या बुंध्याशी रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी भाऊंकडे जाऊन सगळं सांगून आले. भाऊ म्हणाले, "मी काविळीचं देतो. गाठीचं मला काय ठाऊक? तू छातीवर बसलास म्हनून दिलं. आता कुनी मागितलं तरी देनार न्हाय." घरी आल्यावर हे बायला म्हणाले, "मला दाखव ते. जे मेले ते न्हाय, जित्ते दाखव."

परवानगी काढायला तिला बरंच कुणाकुणाच्या मागे लागावं लागलं. शेवटी एका दुपारी आम्ही दोघं रिक्षाने गेलो. डोक्यावर निळ्या टोप्या, पायांत कापडी पिशव्या, आणि हात कुठे लावायचा नाही. कपाटासारखी मशिनं, त्यांत अंगाच्या उबेएवढी ऊब. तिने एक ताटली काढली. नुसत्या डोळ्यांना तर ठिपकेच. मग ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि ह्यांना म्हणाली, "वाका."

हे वाकले. एक डोळा घट्ट मिटून बघत राहिले. मग म्हणाले, "गाबोळी हाय."

मीही बघितलं. खरंच गाबोळी गं! मासळीच्या पोटातली अंडी असतात ना, अगदी तशीच. गोल गोल, जराशी धुरकट, कडेला उजेड पकडणारी.

"जित्ते हायत?"

"जिवंत आहेत. तुम्ही बघताय ना, आत्तासुद्धा पित्त तयार करताहेत."

हे पुन्हा वाकले. मला वाटलं, आता काही तरी देवाधर्माचं बोलतील. पण मासळीवाल्याचं डोकं! विचारलं, "हे मोठे केवढे व्हतात?"

तिथं बाय अडली. एरवी एक विचारलं की दहा सांगायची. "होत नाहीत," म्हणाली.

"म्हंजे?"

"वाढतच नाहीत, काका. काही आठवडे टिकतात, कामं करतात, पण एकाचे दोन होत नाहीत. खाणं बदलून बघितलं, ऊब, हवा, सगळं बदलून बघितलं. मी किती वर्षं ह्याच्याच मागे आहे. आणि हीच पेशी माणसाच्या पोटात असली ना, तर अर्धं यकृत कापलं तरी भरून काढते. काही महिन्यांत! आकार पहिल्यासारखा येत नाही, पण काम पुरून उरतं. तिला कुणी शिकवत नाही, कुणी हाक मारत नाही. आणि पुरेसं भरलं की तिचं तीच थांबते. हे थांबायचं तिला कोण सांगतं?" बोलता बोलता तिचा आवाज चिडका झाला. "जगात खूप जणांना ह्यातलं थोडं थोडं कळलंय. पण माझ्या ताटलीत कुणाचंच काही चालत नाही."

हे सरळ उभे राहिले. टोपी एका कानावर आली होती.

"थांब. म्हंजे तुला, येवढ्या मशीनी लावून, न्हाय जमत?"

"नाही."

"आनि माझ्या पोटाला जमतंय?"

"तुम्ही दारूला शिवत नाही, गाठीबाहेरचं यकृत चांगलं आहे असं डॉक्टरच म्हणालेत ना? मग जमायला हवं." आणि ताटली परत ठेवताना, पाठ आमच्याकडे असताना म्हणाली, "खरं सांगू काका? मला त्याचा हेवा वाटतो."

हे तिने ठरवून म्हटलं नव्हतं गं. तिला तसलं ठरवता यायचंच नाही. ती वळली तेव्हा मी तिचा चेहरा बघितला. शेजारणीच्या अंगावरचा दागिना बघून एखादीचा होतो ना, तस्सा झाला होता. माझं रडणं, मुलाचं समजावणं, डॉक्टरांनी घातलेली भीती, ह्यातलं काहीच ह्यांच्या आत शिरलं नव्हतं. पण त्या खोलीभर मशिनींना जमत नाही ते आपल्या पोटाला जमतं, हे शिरलं. रिक्षात बसलो. वेशीपाशी आल्यावर म्हणाले, "मुंबईला कवा जायचं ते पोराला इचार. आनि तिला सांग, बघत राहा म्हनावं."

दवाखान्यात ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक मुलगी कागद घेऊन आली. काढलेल्या तुकड्यातला तपासून उरलेला चांगला भाग संशोधनाला दिलेला चालेल का, नाही म्हटलं तरी चालेल, असं नीट समजावून सांगत होती. हे एकदम उठून बसले.

"त्या पेनच्या रस्त्याला आमची एक बाय हाय, तिला देनार काय?"

"आजोबा, कुठे जाईल ते मला सांगता येत नाही. आणि तुमचं नाव कुठेच जात नाही. फक्त नंबर जातो."

"होडीलापन नंबर आसतो. पन नावपन आसतं."

ती मुलगी हसली. म्हणाली, "ह्याला नसतं, आजोबा." ह्यांनी तरी सही केली. माझ्याकडे बघून म्हणाले, "कुनाचा तरी काढा पील तो."

ऑपरेशनला फार वेळ लागला. ते मी सांगत नाही. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "भरायला लागलं?"

घरी आणल्यावर बाय संध्याकाळी खाली यायची, खाटेजवळ बसायची. हे सुकून अर्धे झाले होते. मला बघवायचं नाही, म्हणून मी चुलीपाशीच काम काढायची. तिचे प्रश्न मात्र चालू. उजवीकडे ओढल्यासारखं होतं का? भूक कुठल्या वेळी लागते? मासळी आवडते की नकोशी वाटते? आणि हे तिला विचारायचे, "माझा तुकडा आला क तुझ्याकडं?"

एकदा तिने उत्तर दिलं, ते मी कधी विसरणार नाही. म्हणाली, "आला असेल, नसेल. कळायला मार्गच नाही काका. नवीन पेशी आल्या की प्रत्येक वेळी वाटतं, ह्या तुमच्या असतील. म्हणून आता सगळ्यांशीच नीट वागते."

काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला, भरलं की नाही ते बघायला. त्या सकाळी ह्यांनी चहाचा कप दोनदा खाली ठेवला. बाय सोबत आली. गोळ्यांचं खाणं तिने पहिल्यांदा दुसऱ्या कुणावर सोपवलं होतं. डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं, पडद्यावर चित्र लावलं आणि म्हणाले, "छान भरलंय. नवीन गाठ कुठे दिसत नाही." मी खुर्चीचा हात घट्ट धरला. हे डॉक्टरांकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत होते.

ती पडद्याजवळ गेली. इतकी जवळ की डॉक्टरांना बाजूला व्हावं लागलं.

"मंग बाय? हरलीस?"

"हरले, काका," ती म्हणाली. आणि तिचे डोळे भरून आले. कॅरममध्ये इतके डाव हरली, कधी काही वाटलं नव्हतं तिला. ह्यांची तर गडबडच उडाली. जन्मभर माणसांना हरवलं ह्यांनी, पण हरलेल्या माणसाला काय म्हणायचं ते ठाऊक नाही. भाऊच्या धक्क्यावर तिच्यासाठी शेंगदाण्याची पुडी घेतली, लाँचमध्ये तिच्या हातात कोंबली आणि स्वतः दुसरीकडे तोंड करून बसले.

त्या हंगामात पुतण्याच्या होडीवर एकदा गेले. मी नको नको म्हणत होते. परत आले तेव्हा तळहाताला दोरीचे वळ होते, ते मला दाखवले, आणि मग वाटभर ज्याला त्याला दाखवत फिरले.

बाय आता इथं नाही. तिकडे दक्षिणेत मोठ्या प्रयोगशाळेत गेली. जाताना माझ्या पापण्या ओढून बघायला विसरली नाही. दर रविवारी ह्यांना फोन असतो. काय खाल्लं, कुठल्या कुशीवर झोपलात. ह्या उत्तरांनी तिच्या गोळ्यांना काही फरक पडणार नाही, हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे, तरी विचारते. मग हे विचारतात, "तुझे वाढले?" ती म्हणते, "नाही, काका." हे म्हणतात, "बरं. बघत राहा." फोन ठेवला की हे कॅरमच्या सोंगट्या पुसत बसतात.

परवा असेच बसले होते. मी सुकी मासळी निवडत होते. एकदम म्हणाले, "तिचे वाढायला पायजेत गं. एकदा तरी."

मी गमतीने म्हटलं, "मग तुम्ही हरलात."

तर म्हणाले, "हरलो तर हरलो."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ह्या माणसाच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या हातातला बोंबील हातातच राहिला.

पुढच्या महिन्यात ह्यांची पुन्हा तपासणी आहे. ती रजा काढून येणार आहे, तिला म्हणे ते चित्र परत बघायचंय. तपासणी जवळ आली की हे रात्री नुसते कूस बदलत असतात. आणि ती आली की दोघांना यकृताशिवाय दुसरा विषय नसतो, मग मला बोलायला घरात माणूस उरत नाही. तेव्हा तू ये. सकाळी येऊन संध्याकाळची एसटी पकडायची, असं येणं मला नको. चार दिवस राहायला ये, तपासणीच्या आधी ये. वरची खोली मोठी आहे, दोघी सहज मावाल. येशील ना गं? लवकर ये.